झोपेतला चुना

आमचे हे झोपेत तंबाखू खाऊन राहिले, हे मला माझ्याच शिंकेवरून कळलं.

माघ सरत आला व्हता. मळ्यात हळद शिजवणं चालू व्हतं. बॉयलरच्या ड्रममधून वाफ निघायची आन् सगळ्या मळ्यावर पिवळसर, गरम धुकं तरंगत ऱ्हायचं. लिंबाचं बूड दिसायचं, शेंडा दिसायचा, मधलं खोड कुठं गेलं कोण जाणे. बाया चालताना नुसत्या पदर आन् पाट्या दिसायच्या, पाय न्हाईत. दुपार झाली की आपून जागे का झोपलेले, हेच मला कळत नव्हतं. त्यातच ह्यांची बाज लिंबाखाली टाकलेली, आन् त्यावर हे उताणे.

पाणी प्यायला मी तिकडं गेले. बघते तर काय, डावा तळहात छातीवर उघडा, आन् उजवा आंगठा त्यात गोल गोल फिरून राहिला. तोंडावर असं समाधान की बाशिंग बांधलेल्या नवरदेवाच्या तोंडावरबी नसंल. मंग तळहातावर दोन थापा, टप टप, आन् वरून हलकीच फुंकर. मला अशी सणकून शिंक आली म्हणता! तिच्यामागं दुसरी. तंबाखूचा खकाणा नाकात गेल्यावर येते अगदी तशी. चटकन ह्यांचा हात धरून पाहिला. तळहात मोकळा. वास घेतला तर नुसता हळदीचा वास.

"अवो! उठा! काय खाल्लं?"

हे दचकून उठले. खालचा ओठ फुगवलेला. जिभेनं चाचपून पाहिलं, इकडं तिकडं पाहिलं, आन् मंग तोंड एवढंसं झालं.

"काही न्हाई गं पारू," म्हणाले. "सपनात व्हती."

आता तुमी म्हणाल, सपनातल्या तंबाखूवर एवढा कशाला जीव खाली-वर करायचा? तर बाबांनो, ती तंबाखू सोडवायला मला काय काय करावं लागलं ते माझं मला माहीत. आमचं गाव पुसेगावच्या अलीकडं. गावात ह्यांच्यासारखा तंबाखू मळणारा न्हाई, हे मी नवरा म्हणून सांगत न्हाई, गावच सांगतं. सकाळी चूळ भरायच्या आधी चिमूट, जेवल्यावर चिमूट, भांडण झालं तर चिमूट, मिटलं तरी चिमूट. मी सोडा म्हणलं की "सोडली" म्हणायचे, आन् मंग ती कुठंबी सापडायची. फवारणीच्या पंपात. गव्हाच्या कोठीत. एकदा मी पूजेला बसले, कुंकवाच्या करंड्यात बोट घातलं आन् देवीच्या कपाळाला तंबाखूच लावली. त्या दिवशी मी ह्यांना जेवायला वाढलं न्हाई.

आन् ह्या सगळ्यात भागीदार ग्यानबा भाऊजी.

ग्यानबा भाऊजी म्हणजे ह्यांचे गुरं राखायच्या वयापासूनचे दोस्त. शेताला शेत लागून, विहीर एक. दोघांचा एक कायदा व्हता. तंबाखूची चंची ह्यांच्याकडं, चुन्याची डबी भाऊजीकडं. ह्यांनी कवा चुना बाळगला न्हाई, भाऊजींनी कवा तंबाखू घेतली न्हाई. म्हणजे रोज भेटणं आलंच! पावसात, तापात, सुतकात, कशातबी. बांधावर बसायचे, हे म्हणायचे "चुना दे की," ते म्हणायचे "घे." बस्स, एवढंच बोलणं. तासभर एवढंच. मी म्हणायचे, असं काय बोलता वो तुमी दोघं? तर म्हणायचे, सगळंच बोलतो.

त्यांची बायको भागूबाई. तिला पाठचा भाऊ न्हाई, म्हणून ती ह्यांना राखी बांधती. तिची पोरगी दिपा जन्मली तवा बारशातच ठरलं व्हतं की हिचा मामा म्हणून लग्नात संतरामच, म्हणजे आमचे हेच, उभे ऱ्हातील. पोरीला मांडवात हाताला धरून आणायचं, मंगलाष्टकं चालू असताना तिच्या मागं उभं ऱ्हायचं. हे माणूस त्या दिवसासाठीच जगत व्हतं म्हणा ना. दिपा शाळेत जायला लागली तवापासून हे फेट्याचा रंग ठरवून राहिले व्हते.

मागल्या दिवाळीच्या सुमाराला हिंगोलीच्या दातांच्या डॉक्टरनं ह्यांच्या गालात आतून एक पांढरा डाग दाखवला. म्हणाला, "आजोबा, आजच सोडा. न्हाई सोडली तर पुढचं मी आत्ता बोलत न्हाई." येताना जीपमध्ये ह्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. डागाचं कोणाला सांगायचं न्हाई. ग्यानबाला तर मुळीच न्हाई, तो भिऊन मरंल. मी म्हणलं, बरं. सांगितलं फक्त सुनेला, शिवकन्येला. तिनंच हिंगोलीत व्यसनमुक्ती केंद्र शोधून काढलं.

तिथं ह्यांची लई फजिती झाली. तिथं सगळे दारूचे. एकानं ट्रॅक्टर विहिरीत घातलेला, एक सासरवाडीच्या लग्नात घोड्यावर बसून वाशिमला गेलेला. आन् मधी आमचे हे, धोतर-टोपी घालून, तंबाखूचे. गोल बसून आपापली कहाणी सांगायची. ह्यांची पाळी आली तर हे म्हणाले, "मी भिंतीवर थुकलो." मंग तो घोडेवाला म्हणला, "आबा, तुमी इथं काहून आले? खरंच आजारी हाय का नुसतं बघायला?" ह्यांना इतकं लागलं ते! घरी आल्यावरबी म्हणायचे, "पारू, तिथं मला कोणी गिनतच नव्हतं."

पण मुकुल सर चांगले. तेच तिथं समजावून सांगायचे. वयानं पोरगं, बोलणं गोड. एक दिवस त्यांनी घरच्यांना बोलावलं आन् आमच्या समोरच सगळ्यांकडून एक गोष्ट घटवून घेतली.

"हे बघा आजोबा," ते ह्यांना म्हणाले, "बाहेर गेलात की मित्र हात पुढे करणारच. भांडायचं नाही, कारणं सांगायची नाहीत. कारण सांगितलं की माणूस वाद घालतो, आणि वादात आपण हरतो. दोन्ही हात जोडायचे, हसायचं आणि म्हणायचं, 'मी सोडलं.' झालं."

मंग सगळी माणसं ओळीनं उभी राहून हात जोडून हसून म्हणायला लागली, मी सोडलं, मी सोडलं. घोडेवाला तर रडलाच. आमचे हे घरी आल्यावर कपाटाच्या आरशासमोर उभं राहून करायचे. शिवकन्या चहा घेऊन गेली तर तिलाबी हात जोडले, "मी सोडलं." ती बिचारी चहा परत घेऊन आली.

केंद्रातून सुटल्यावर पहिल्यांदा पारावर जाऊन आले तवा हे नुसते तरंगत आले. म्हणाले, "पारू, जमलं गं आज!" मला इतका आनंद झाला की मी शिरा केला. काय जमलं, कोणासमोर जमलं, मी इचारलंबी न्हाई.

त्या दिवसापासून ग्यानबा भाऊजी आमच्याकडं यायचे बंद झाले. मी म्हणलं, बरंच झालं, डबीची पीडा गेली. हे मात्र संध्याकाळी बांधाकडं बघत ऱ्हायचे. एकदा मला म्हणाले, "चंचीत तंबाखू व्हती तवर दोस्ती व्हती बघ. तंबाखू सरली, ग्यान्या सरला." मी म्हणलं, असंच असतंय. मला वाटलं, चार दिवस वाईट वाटंल, मंग इसरतील.

मंग ही सपनं सुरू झाली.

शिंकेच्या दिवशी मी एवढी भडकले की तिथंच मुकुल सरांना फोन लावला आन् ह्यांच्या हातात दिला. मोठ्या आवाजावर टाकला, मलाबी ऐकायचं व्हतं.

"सर," हे एवढ्या हळू म्हणाले, "सपनात खाल्ली तर मोडलं का वो?"

"नाही हो आजोबा! अशी स्वप्नं सगळ्यांनाच पडतात. स्वप्नातली धरायची नाही."

"स्वप्नातली धरायची न्हाई?"

"अजिबात नाही."

काय सांगू तुमाला, माणसाच्या तोंडावर ऊन पडलं! दुसऱ्या दिवशी जेवण झाल्या झाल्या हे बाजेवर. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी. हळद शिजून राहिली, मजूर हाका मारून राहिले, आन् हे मालक लिंबाखाली डोळे मिटून. मी म्हणलं, अवो, लाज वाटू द्या, हे झोपणं हाय का पानटपरीवर जाणं? तर म्हणतात कसे, "सरांनी परवानगी दिली हाये." मी त्या मुकुल सराला मनातल्या मनात जे काही बोलले ते इथं सांगण्यासारखं न्हाई.

मंग एका दुपारी मी ठरवलं, बाजेच्या उशालाच बसायचं. शिजलेली हळकुंडं निवडायला घेतली आन् बसले. वाफ अशी दाट की ह्यांचं तोंड मधूनच दिसायचं, मधूनच न्हाई. लिंबावर होले घुमत व्हते. थोड्या वेळानं आंगठा फिरायला लागला, आन् हे बोलायला लागले.

"ग्यान्या, चुना दे की."

मंग थांबले. कोणी समोरून काही तरी म्हणलं आन् ह्यांनी ऐकलं, अशी मान हालवली.

"एवढुसा? डोळ्यात घालू का?"

पुन्हा थांबले. झोपेतच असे खुदकन हसले की मी हातातलं हळकुंड खाली ठेवलं. मंग लई वेळ गप. मला वाटलं सपन संपलं. तेवढ्यात म्हणाले, "फेटा कोणताबी चालंल रे." आन् जरा दमानं, "गुलाबी नको. गुलाबीत मी बँडवाला दिसतो."

ह्यांच्या बंद डोळ्यांच्या कडेला पाणी व्हतं. मला वाटत व्हतं हे तंबाखू खायला झोपून राहिलेत. हे तर ग्यानबाला भेटायला झोपून राहिले व्हते!

काहून, तर दोनच दिवसांमागं शिवकन्येच्या मोबाईलवर दिपाच्या लग्नाचं आमंत्रण आलं व्हतं. मोबाईलवर! ज्या घरी हळद-कुंकू लावून पहिली अक्षत ठेवायची, त्या घरी मोबाईलवर! लगीन येत्या गुरवारी, कनेरगाव नाक्याच्या मंगल कार्यालयात. आन् मामा म्हणून भागूबाईचा कोण कुठला चुलतभाऊ, नाक्यावरचा ढाबेवाला. शिवकन्येनं वाचून दाखवलं तवा हे उठून गोठ्यात गेले आन् बैलाचं आंग घासत बसले. मी मात्र गावभर तोंड सोडलं, तंबाखूपायी राखीचा भाऊ टाकला म्हणून.

त्या दुपारी मी तशीच उठले आन् बांध ओलांडला. त्या आठवड्यात बॉयलर एकच व्हता, आमची आन् त्यांची हळद बराबरच शिजत व्हती. पलीकडं भागूबाई पाट्या रिकाम्या करून राहिली व्हती. मला बघून तिनं पाठ फिरवली.

"भागूबाई," मी म्हणलं, "इकडं तोंड करा. एक गोष्ट इचारते. माझ्या माणसानं तुमचं काय घोडं मारलं?"

ती गर्रकन वळली. तिच्या डोळ्यातबी पाणी आन् आगबी.

"मलाच इचारता व्हय वैनी? भर पारावर, चार माणसांत, दादानं आमच्या मालकाला हात जोडले! एवढ्या दिवसांनी दोस्त आला म्हणून हे पळत गेले, डबी उघडून पुढं केली, तर दादा दोन्ही हात जोडून हसून म्हणतेत, 'सोडलं!' कशाला सोडलं? काय गुन्हा केला? माणूस माणसाला हात जोडतो कवा? एक तर तो मेल्यावर, न्हाई तर संबंध तोडताना. आन् वर हसायचं?"

मी मटकन खालीच बसले. ओल्या हळदीच्या पाल्यात. डोळ्यापुढं ती केंद्रातली माणसांची ओळ आली, हात जोडून उभी, सगळे मी सोडलं, मी सोडलं. मुकुल सर हिंगोलीत शिकवून मोकळे झाले. त्यांना काय माहीत, आमच्या पारावर हात जोडले की काय तुटतं!

"अगं बये," मी म्हणलं, "ते तंबाखूला जोडले व्हते!"

मी सगळं सांगितलं. ओळ, आरसा, शिवकन्येचा परत गेलेला चहा. डागाचं तेवढं सांगितलं न्हाई, वचन व्हतं. भागूबाई तोंडावर पदर धरून ऐकत व्हती. मंग म्हणाली, "वैनी, आमचे मालकबी त्या दिवसापासून तंबाखू खाईनात. कोणी दिली तर म्हणतेत, मी ह्याच्या-त्याच्या हातची खात न्हाई. नुसता रुसवा. आन् दुपार झाली की झोपतात, आन् झोपेत बडबडतात."

"काय बडबडतात?"

"आजचंच सांगते. आधी म्हणले, 'घे.' मंग जरा थांबून चिडले, 'घे बाबा, डबीच घे!'"

"मंग? पुढं?"

"पुढं लई वेळ काही न्हाई. मंग म्हणले, 'गुलाबी आणतो.'"

आमी दोघी एकमेकीकडं बघत राहिलो. मधून वाफेचा एक लोट गेला. मंग मी तिला ह्यांचं अर्धं सांगितलं, तिनं तिचं अर्धं सांगितलं, आन् एकाचं बोलणं दुसऱ्याच्या बोलण्यात असं बसत गेलं की कुठं फट न्हाई. चुना दे की. घे. एवढुसा? डबीच घे. मधी बांध, मधी विहीर, मधी दोन संसारांचा रुसवा, आन् ही दोन म्हातारी झोपेत बांधावर बसून आपलं रोजचं करून राहिली व्हती! भागूबाई आधी हसली, मंग रडली. मी आधी रडले.

"उठवून सांगते त्यांना," ती म्हणाली.

"नगा. जागे असले की दोघंबी दगड हायेत. जागेपणी तुमचे म्हणतील तो आला पाहिजे, आमचे म्हणतील तो आला पाहिजे. झोपलेत तवर नेऊ."

बाज उचलायला चौघी लागतात. मी, भागूबाई, माझी शिवकन्या, आन् हळदीच्या हातांची दिपा. गुरवारी जिचं लगीन, ती पोरगी बापाची बाज खांद्यावर घेऊन निघाली! ग्यानबा भाऊजींची झोप म्हणजे अशी की ढोल वाजवा. आमी त्यांना बांधावरून सावकाश आणून राहिलो, पाय कुठं पडतेत ते वाफेत दिसत न्हाई. बांधाच्या कडेनं सेनगावची सडक जाती. तिथं एक जीप थांबली. आतल्या माणसांनी टोप्या काढल्या. ड्रायव्हरनं खाली उतरून हात जोडले आन् हळूच इचारलं, "कोण गेलं वो मावशी?" तेवढ्यात भाऊजी असे घोरले! ड्रायव्हर जो जीपमध्ये चढला, तो हॉर्न वाजवतच पळाला. दिपा इतकी हसली की तिच्या बाजूची बाज खाली आली, आन् आमी सगळ्याच जराशा वाकड्या झालो.

दोन्ही बाजा लिंबाखाली लागून टाकल्या. आमी चौघी बॉयलरच्या ड्रमआड बसलो. दुपार अशी थांबून राहिली व्हती. लिंबाची पिवळी पानं वाफेत पडायची आन् खाली यायचीच न्हाईत. हे झोपेत चिमूट मळत व्हते. मळून झाली, थापा दिल्या, आन् ह्यांचा हात आपोआप शेजारच्या बाजेकडं गेला. भाऊजींनी डोळे न उघडता दोन बोटांनी त्या मोकळ्या तळहातावरून चिमूट उचलली आन् ओठात ठेवली. शिवकन्या शिंकली. मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

शिंकेनंच दोघं जागे झाले.

आधी कोणाला काही समजंना. डोळ्याला डोळा, मधी हातभर अंतर. भाऊजींना वाटलं अजून सपनच चालू हाय, ते हसले. आन् आमच्या ह्यांनी काय करावं? घटवून घटवून आंगात भिनलेलं ते, दोस्त दिसल्याबरोबर दोन्ही हात जोडले!

मी कपाळावर हात मारून घेतला. भाऊजींचं हसू गेलं. ते उठून बसले, पायानं चपला चाचपायला लागले, चपला तर पलीकडच्या शेतात. तसेच अनवाणी निघाले.

"ग्यान्या!" हे ओरडले.

भाऊजी थांबले. वळले न्हाईत.

ह्यांचे हात अजून तसेच जोडलेले. सोडायचे कसे हेच आठवंना जणू. "तुला न्हाई रे जोडले," म्हणाले. "तंबाखूला जोडले. गालात डाग निघाला माझ्या. डॉक्टर पुढचं बोलला न्हाई. मी लई भ्यालो, ग्यान्या." मंग म्हणाले, "मरायला भ्यालो न्हाई. पण दिपीच्या मागं उभं ऱ्हायचं व्हतं ना मला. तेवढ्यासाठी सोडली."

एवढ्या वर्षांच्या संसारात मला हे माहीत नव्हतं. मला वाटलं व्हतं माझ्या कटकटीनं सोडली.

भाऊजी उभेच. पाठीवरून काही कळंना. मंग ते परत आले, बाजेच्या कडेवर बसले आन् म्हणाले, "तोंड उघड."

हे लेकरावाणी आ करून बसले. भाऊजींनी खिशातून चष्मा काढला, वाफेनं तो धुरकट झाला, धोतरानं पुसला, पुन्हा घातला. ह्यांची हनुवटी धरून उजेडाकडं वळवली. आधी हा गाल, मंग तो गाल. लई वेळ बघत राहिले. एवढं तर त्या डॉक्टरनंबी पाहिलं नव्हतं.

"काही दिसत न्हाई," म्हणाले.

"उतरला तो. पण डॉक्टर म्हणतो, दाखवत ऱ्हायचं."

"मंग मलाच काहून न्हाई दाखवला?" असं म्हणून भाऊजींनी चष्मा काढला, आन् मंग त्यांना तो पुन्हा घालता येईना. डोळे तसेच भरू दिले त्यांनी. आमी बाया ड्रमआड व्हतो, पण तिकडं बघायला जीव झाला न्हाई. दिपा तेवढी उठून गेली. दोघांच्या मधी जाऊन बसली आन् पिवळ्या हातानं तिनं मामाचे जोडलेले हात सोडवले.

"तो ढाबेवाला?" ह्यांनी इचारलं.

"तो जेवणाचं बघंल," भाऊजी म्हणाले. "आन् गुरवारी टायमावर ये. झोपून ऱ्हाशील."

"तू उठवायला ये मंग."

भाऊजी अनवाणीच उठून आपल्या शेताकडं गेले.

गुरवारी झुंजुमुंजूला मी उठले, तर हे कवाचे जागे. आंघोळ झालेली, धोतर नेसलेलं, आन् हे पुन्हा बाजेवर पडलेले, चादर गळ्यापर्यंत, डोळे घट्ट मिटून. मी म्हणलं, अवो, हे काय? तर म्हणाले, "गप ऱ्हा. झोपलोय मी." मी चूल पेटवली. आंगणात चपला वाजल्या. भाऊजी दारात उभे राहिले आन् त्यांनी हाक मारली, "संत्या!" हे हालले न्हाईत. भाऊजींनी पुन्हा हाक मारली. तिसऱ्या हाकेला ह्यांनी डोळे उघडले.